वाचकांचे प्रश्न : रंग झकास, गोष्ट बेताची?

क्योहेई इशिगुरो दिग्दर्शित 'वर्ड्स बबल अप लाइक सोडा पॉप' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट २०२१च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्सवर आला. चेरी चारचौघांत बोलायला कचरतो आणि मनातलं हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या जपानी कवितेत, लिहितो. स्माइल पुढे आलेले दात आणि त्यांवरच्या तारा मास्कमागे लपवते. मॉलमध्ये दोघांचे फोन बदलतात आणि त्यातून ओळख होते. या चित्रपटाबद्दल आलेल्या पत्रांतले हे चार प्रश्न. शेवट आधी कळू नये असं वाटत असेल, तर तिसरं उत्तर चित्रपट पाहून झाल्यावर वाचावं.

प्रश्न : रंग डोळ्यांना टोचतात. चित्रपटच इतका भडक आहे, की आमच्या टीव्हीचं सेटिंग चुकलंय? (नाशिक)

दोन्ही गोष्टी असू शकतात. १९८०च्या आसपासच्या जपानी सिटी पॉप (शहरी ढंगाचं पॉप संगीत) रेकॉर्डच्या कव्हरांची रंगभाषा इथे जाणूनबुजून वापरली आहे. हिरोशी नागाई यांचं 'अ लाँग व्हेकेशन'चं कव्हर (१९८१) किंवा एइझिन सुझुकी यांचं 'फॉर यू'चं कव्हर (१९८२) बघा, म्हणजे नातं लगेच कळेल. सपाट रंगांचे मोठे तुकडे, कात्रीने कापल्यासारखी सावलीची कड, ढगांनाही ठसठशीत आकार. एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू विरघळत जाणं जवळजवळ नाहीच.

गंमत अशी की असं चित्र टीव्हीच्या 'व्हिव्हिड' मोडमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं. उन्हातला गुलाबी आणि सावलीतला गुलाबी यांत अंतर थोडंच असतं. टीव्हीने रंग आणखी चढवले की दोन्ही एक होतात, सावलीची कड हरवते आणि उरतो तो नुसता भडकपणा. म्हणून पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा आणि शार्पनेस उतरवा, नाहीतर रेषांभोवती पांढरी किनार दिसते. मोशन स्मूदिंग पूर्ण बंद करा. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी अ‍ॅनिमेशनमधलं एकेक चित्र बहुधा दोन-तीन फ्रेम तसंच ठेवलेलं असतं. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरायला गेला की धावपळीच्या दृश्यात हातापायांच्या रेषा फरफटतात. मग उन्हातली एखादी भिंत दिसते तिथे चित्र थांबवा. ऊन आणि सावली वेगवेगळी दिसली, म्हणजे काम झालं.

प्रश्न : सुरुवात आवडली, पण मध्यावर कंटाळा आला. आमचं काही निसटलं का? (कोल्हापूर)

नाही, पटकथाच तिथे ढिली पडते. चित्रपट ८७ मिनिटांचाच आहे, तरी मधला भाग लांबल्यासारखा वाटतो. फुजियामा हे आजोबा रिकामं कव्हर घेऊन हरवलेली रेकॉर्ड शोधत असतात आणि मुलं त्यांना मदत करतात. धागा सुंदर आहे, पण पुढचं पाऊल बऱ्याचदा योगायोगच टाकतो. स्माइलच्या बहिणी तोंडी लावण्यापुरत्या येतात. चेरीचं कुटुंब गाव सोडणार आहे, हा खरा ताण. त्यालाही पुरेशी जागा मिळत नाही. स्माइलचा न्यूनगंड चेरीच्या पसंतीनेच मिटतो, हे आम्हाला सर्वांत खटकलं. तिला स्वतःच्या पायांनी तिथवर येऊ द्यायला हवं होतं.

जमेची बाजूही तितकीच ठोस आहे. बीव्हर हा मित्र चेरीचे हायकू गावभर भिंतींवर स्प्रेने रंगवत सुटतो. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याचेच शब्द भर चौकात, हातभर उंचीचे! पात्राची अडचण संवादाविना चित्रातून सांगण्याचा याहून चांगला नमुना किशोरवयीन प्रेमकथांत क्वचितच सापडेल.

प्रश्न : शेवटचा हायकू ऐकून स्माइल इतकी का हेलावते? सबटायटल वाचून काही कळलं नाही. (पुणे)

सबटायटलमध्ये ते येणं अवघडच होतं. जपानीत 'हा' म्हणजे पान आणि 'हा' म्हणजे दातसुद्धा. यामाझाकुरा या रानचेरीला फुलांबरोबर किंवा त्यांच्याही आधी पालवी फुटते, म्हणून पुढे आलेल्या दातांनाही तिथे हे नाव देतात. चेरी म्हणतो, यामाझाकुराने लपवलेलं ते 'हा' मला आवडतं. जमलेल्या लोकांना पान ऐकू येतं, तिला दात. आजोबांच्या रेकॉर्डवरचं गाणंही 'यामाझाकुरा'च आहे, ताएको ओनुकी यांच्या आवाजातलं. एवढं माहीत असेल तर रेकॉर्डचा शोध आणि प्रेमकथा एकमेकींत गुंफलेल्या दिसतात. नसेल तर दोन कथा शेजारी-शेजारी चालल्यासारख्या वाटतात. मूळ जपानी आवाजातच पाहा. चेरीचा आवाज इचिकावा सोमेगोरो या काबुकी (जपानी पारंपरिक नाट्य) घराण्यातल्या तरुण नटाचा आहे. आधीचं पुटपुटणं आणि शेवटचं ओरडणं यांतला फरक डबिंगमध्ये शोधू नये.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला हायकू शिकवताना दाखवता येईल का? (सातारा)

जरूर. पूर्ण नको, भिंतींवरच्या हायकूंची दृश्यं पुरेत. जपानी हायकूत ५-७-५ असे १७ ध्वनी आणि ऋतू सुचवणारा एक शब्द असतो, हे आधी सांगा. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू तीन ओळींचाच, पण यमक सांभाळणारा. त्यांचे दोन-तीन हायकू फळ्यावर लिहून ठेवा. दृश्य दाखवताना आवाज बंद करा, ऋतू कशावरून कळतो ते मुलांना चित्रातून ओळखू द्या, आणि मगच लिहायला सांगा.