वीस वर्षांचा प्लॅन मधेच कसा काय बदलतात?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. घरामागचा दोन लेनचा रस्ता काउंटीच्या लाँग रेंज प्लॅनमध्ये (पुढच्या वीस वर्षांच्या रस्ते-वाहतुकीच्या आराखड्यात) नव्हताच, आता तो चार लेनचा करायचाय म्हणून 'अमेंडमेंट', म्हणजे प्लॅनमध्ये दुरुस्ती, आणलीय. मग प्लॅनला अर्थ काय उरला?

उत्तर : अर्थ आहे, पण तो पैशाचा आहे. ५०,००० च्या वर लोकसंख्येच्या शहरी भागात एमपीओ (मेट्रोपॉलिटन प्लॅनिंग ऑर्गनायझेशन) नावाची वाहतूक नियोजनाची संस्था हा प्लॅन करते, किमान २० वर्षांचा, आणि दर ४ किंवा ५ वर्षांनी तो नवा होतो. मोठा रस्ता त्यात नसेल तर फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा निधी अडतो, म्हणून मधेच कुठला प्रोजेक्ट पुढे रेटायचा झाला की अमेंडमेंट.

आता गंमत अशी की नुसतं नाव घुसडून चालत नाही, पैसे कुठून येणार तेही दाखवावं लागतं, आणि तिजोरी तर तेवढीच. त्यामुळे बऱ्याचदा दुसराच एखादा रस्ता गुपचूप मागे ढकलला जातो. तुम्ही प्लॅनमधला प्रोजेक्ट्सचा जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून बघा, कुठल्या रस्त्याचं वर्ष सरकलंय ते. खरी बातमी तिथेच असते बघा! हवा खराब असलेल्या भागात तर प्रदूषणाचं गणितही परत करावं लागतं.

लोकांना मत मांडायला मुदत देणं एमपीओला बंधनकारक आहे. पण 'रस्ता नको' एवढंच लिहू नका हो, ते फाइलला लागतं नि संपतं. क्रॉसिंग कुठे, फुटपाथ आहे का, आवाज अडवायला भिंत बांधणार का, असं नेमकं विचारा, आणि लेखीच द्या.