सिलिकॉनचा अपवर्तनांक सगळ्या दिशांना सारखाच असतो, मग त्यापासून ध्रुवीकरण फिरवणारी हाफ वेव्ह प्लेट कशी बनते?

शंका रास्त आहे. हाफ वेव्ह प्लेट म्हणजे प्रकाशाच्या दोन लंब घटकांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा अर्ध्या तरंगाने मागे टाकणारी चकती. त्यामुळे प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा, फिरते. त्यासाठी दोन दिशांचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात किती मंदावतो त्याचं माप) वेगवेगळा लागतो, आणि फरक जितका मोठा तितकी प्लेट पातळ. सिलिकॉनचा स्फटिक घनीय, त्यामुळे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र कुठल्याही दिशेला असलं तरी अपवर्तनांक तोच, 1550 नॅनोमीटरला साधारण 3.48. पण दिशाभेद मुळात पदार्थातच असावा लागतो असं नाही. तो नुसत्या आकारातूनही आणता येतो.

सिलिकॉनच्या थरात समांतर खाचा कोरल्या आहेत असं धरा. भिंत आणि खाच सारख्याच रुंदीच्या, आणि दोन्ही मिळून तरंगलांबीपेक्षा खूपच लहान. इतक्या बारीक खाचा प्रकाशाला सुट्या दिसत नाहीत, एकसंध थरच जाणवतो. विद्युतक्षेत्र भिंतींना समांतर असेल तर सिलिकॉन आणि हवा दोन्हींत ते सारखंच राहतं, म्हणजे सिलिकॉनचा पुरा प्रभाव पडतो. क्षेत्र भिंतींना लंब असेल तर मात्र ते हवेच्या फटीत एकवटतं. भिंतीच्या आत फटीतल्या क्षेत्राच्या जेमतेम बारावा हिस्सा उरतो.

हिशेब केला की समांतर दिशेला अपवर्तनांक 2.56 येतो आणि लंब दिशेला 1.36. फरक 1.2! दुहेरी प्रतिमेसाठी नावाजलेल्या कॅल्साइटमध्येही दृश्य प्रकाशासाठी तो 0.17 इतकाच असतो, आणि क्वार्ट्झमध्ये 0.009. म्हणून 1550 नॅनोमीटरला क्वार्ट्झची सर्वांत पातळ हाफ वेव्ह प्लेट 90 मायक्रॉनच्या आसपास जाते, तर या खाचांना कागदोपत्री 0.65 मायक्रॉन खोली पुरते.

कागदोपत्री अशासाठी म्हणतो, की हे सरासरीचं सूत्र खाचा फारच बारीक असतील तेव्हाच नेमकं लागू पडतं. प्रत्यक्षात 300-400 नॅनोमीटरच्या अंतराने खाचा कोरल्या तर पूर्ण सिम्युलेशनशिवाय पुढे जाऊ नका. शिवाय दोन दिशांचं परावर्तन वेगवेगळं असतं, त्यामुळे एक घटक जास्त गळतो आणि बाहेर येणारा प्रकाश अपेक्षेप्रमाणे नीट फिरलेला नसतो. एचिंगनंतर, म्हणजे खाचा कोरून झाल्यावर, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली भिंतीचा छेद जरूर बघा. भिंत वर निमुळती झाली असेल तर सिलिकॉन-हवेचं प्रमाण खोलीनुसार बदलतं आणि फेजचा (तरंग किती पुढे-मागे सरकला त्याचा) सगळा हिशेब हलतो.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. सरळ खाचांऐवजी लंबगोल छेदाचे सुटे खांब घेतले, तर प्रत्येक खांब वेगळ्या कोनात वळवता येतो. प्रत्येक खांब हाफ वेव्ह प्लेटसारखा वागत असेल, तर वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरत राहतं अशा प्रकाशाची, फिरण्याची दिशा उलटी होते आणि खांबाच्या कोनाच्या दुप्पट फेज मिळते. खांब 0 ते 180 अंशांत फिरवला की फेजचे पूर्ण 360 अंश हाती येतात, उंची जराही न बदलता. या फेजचं मूळ भौतिकशास्त्रज्ञ एस. पंचरत्नम यांनी बंगळूरला 1956 मध्ये केलेल्या कामात आहे. आजची सपाट मेटालेन्स, म्हणजे अशा सूक्ष्म खांबांची भिंगं, अनेकदा याच तत्त्वावर बनवतात.