ब्राँझचा पुतळा आणि ‘ब्राँझिंग’ केलेला पुतळा यांत नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या तुमच्या वाचनालयाच्या दाराबाहेर संस्थापकांचा अर्धपुतळा बसवायचा आहे. एका कोटेशनमध्ये ‘ब्राँझ’ आहे, दुसऱ्यात ‘फायबर, ब्राँझिंगसह’, आणि दोन्हींच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला पुतळा धातूचा आहे. दुसऱ्यावर धातूसारखा दिसणारा रंग आहे.

वागळे इस्टेटमध्ये माझं लेथचं काम आहे, बहुतेक गनमेटलचे बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या. गनमेटल म्हणजे ब्राँझच. पूर्वी त्याच्या तोफा ओतत, म्हणून हे नाव. कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, लेथच्या पकडीत (चकमध्ये) धरून पहिला कट मारला की वरची काळपट साल निघते आणि आतून तांबूस-सोनेरी रंग उघडतो. शेजारी पितळेचा तुकडा धरला तर तो लगेच पिवळा, किंचित हिरवट वाटतो. तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की ब्राँझ. तेच आपलं कासं.

कासं तुमच्या घरातही असेल. आजी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची ना, ती. वारीतले टाळही काशाचेच. त्यात शंभरात वीस-बावीस भाग कथील असतं, म्हणून नाद इतका वेळ टिकतो. पण त्याच कथिलामुळे धातू ठिसूळ होतो आणि टाळ फरशीवर आपटला तर तडकतो. घंटांचंही तसंच. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यातलीच. कधी गेलात तर तिच्याखाली उभे राहून नाद ऐका.

पुतळ्याला नाद नको, मजबुती हवी आणि साच्यात नीट वाहणारा रस हवा, म्हणून कथील कमी घालतात. नेहमीचं प्रमाण 85-5-5-5: तांबं 85 टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5. कोटेशनमध्ये हे आकडे लिहून मागा, कारण ‘ब्राँझ’ हा शब्द फार सैल वापरला जातो. टोकियो ऑलिंपिकच्या ब्राँझ पदकात 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त होतं, कथील नव्हतंच! खेळाडूच्या मेहनतीला त्यानं काही उणेपणा येत नाही, पण तुम्ही किलोवर पैसे मोजणार आहात.

आता ब्राँझिंग. प्लास्टर किंवा फायबरच्या पुतळ्यावर आधी गडद तपकिरी हात देतात. मग वॉर्निशमध्ये कालवलेली ब्राँझ पावडर उंचवट्यांवर, म्हणजे नाक, भुवया, पगडीच्या घड्या इथे हलक्या हातानं फिरवतात. ही पावडरही बहुधा तांबं-जस्ताचीच असते. चांगल्या कारागिराचं काम चार फुटांवरून ओळखू येत नाही. ही कला आहे, तिला मी फसवणूक म्हणणार नाही. पण ती छपराखालची कला आहे. मी शिकलो त्या शाळेत असा एक पुतळा उघड्यावर ठेवला होता. दोन पावसाळ्यांत गालाचा पोपडा निघाला आणि खालचं पांढरं दिसू लागलं. ज्या गुरुजींना आम्ही वाकून नमस्कार करायचो त्यांचा तसा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं होतं.

खऱ्या ब्राँझलाही ठाण्याचा पाऊस आणि खाडीचा खारा वारा लागतोच. रंग काळवंडतो, कुठे हिरवट होतो. पण तो थर धातूचाच असतो, पोपड्यासारखा सुटत नाही. वर्षातून एकदोनदा साध्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून मेणाचा हात दिला की पुरे. लिंबू-चिंच लावून घासू नका, कारागिरानं रसायनं आणि ज्योत वापरून आणलेला रंग जाईल.

तुमचा पुतळा दाराबाहेर, उघड्यावर आहे, म्हणून मी ब्राँझच सांगेन. पैसे कमी पडत असतील तर फायबरचा करा, पण आत, वाचनकक्षात ठेवा.

ब्राँझ ठरलं तर वजन आणि धातूच्या थराची जाडी लिहून घ्या. पुतळा आतून पोकळ असतो. जाडी 6 मिलिमीटर धरली तर एका चौरस फुटाला जवळजवळ 5 किलो धातू लागतो, त्यावरून हिशेब जुळतो का ते बघा. ओतकामातला छोटा तुकडा मागून धातू-तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या, घटकांचं प्रमाण कागदावर मिळतं. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, तो ब्राँझला चिकटत नाही आणि फायबरलाही नाही. आणि चौथऱ्यावर सिमेंटनं पक्का करायच्या आधी पुतळा आडवा करायला लावा, बॅटरी घेऊन आत बघा. फायबर असेल तर काचेच्या धाग्यांची जाळी दिसेल. ब्राँझ असेल तर ओतकामाचा खडबडीतपणा आणि तुकडे जोडलेल्या वेल्डिंगच्या रेघा दिसतील.