वाचक विचारतात: लॅक्स्टनच्या शेतांना कुंपण का नाही?

प्रश्न: इंग्लंडमधल्या लॅक्स्टन या खेड्यात आजही मध्ययुगीन पद्धतीची शेती आहे असे वाचले. तिथे एकाच शेतकऱ्याची जमीन विखुरलेली का असते? आणि कुंपण नसताना कुणी बांध कोरला तर काय करतात?

उत्तर: लॅक्स्टन नॉटिंगहॅमशायर परगण्यात आहे. तिथल्या शिवाराचे वेस्ट, मिल आणि साउथ असे तीन मोठे भाग आहेत आणि प्रत्येक भागात लांबट पट्टे. माती चिकण, निचरा मंद. पट्टे तिन्ही भागांत विखुरले की चांगली जमीन आणि पाणथळ जमीन सगळ्यांच्या वाट्याला येते. शिवाय फेरपालटही सांभाळली जाते: एका भागात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरा पूर्वी पड, आता बहुधा चाऱ्यासाठी. एखाद्याची सगळी जमीन एकाच भागात असती, तर पडीच्या वर्षी त्याच्या हाती काहीच लागले नसते. शेत असे पसरलेले असल्यामुळे शेतकऱ्यांची घरेही शेतावर नाहीत, गावातल्या रस्त्यालगत आहेत.

बांधाचा प्रश्न ज्युरी, म्हणजे गावातल्याच शेतकऱ्यांचे पंचमंडळ, सोडवते, आणि या गावाची खरी ताकद तीच आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरीचे शेतकरी गहू पेरलेल्या भागाची पाहणी करतात आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. नांगर सामाईक वाटेत किंवा ‘साइक’मध्ये, म्हणजे नांगरता न येणाऱ्या ओलसर गवताळ पट्टीत, घुसलेला दिसला की नोंद होते. आठवड्याभराने ‘कोर्ट लीट’, म्हणजे जुन्या जहागिरीच्या काळापासूनचे गावन्यायालय, भरते, तिथे दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाची ज्युरी शपथ घेते. पाहणी दरवर्षी एकाच भागाची होत असल्याने प्रत्येक भागाची पाळी तीन वर्षांनी येते. इतरत्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी अशी शिवारे कुंपणबंद झाली. लॅक्स्टनमध्येही काही जमीन वेगळी काढली गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवली गेली. म्हणून आजचे पट्टे मूळचेच आहेत असे समजू नये.

प्रश्न: जुने पट्टे कसे होते हे कुठे पाहता येईल?

उत्तर: मार्क पिअर्सने 1635 साली केलेल्या नकाशात. पट्टा न् पट्टा त्यात दाखवला आहे. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.