एमडी मानसोपचार चालू असतानाच बालमानसोपचाराच्या फेलोशिपसाठी अर्ज करावा का?

आपण बेळगावात एमडी मानसोपचाराच्या दुसऱ्या वर्षाला आहात, आपले गाव निपाणीजवळ आहे, आणि बाल व किशोर मानसोपचाराच्या पुढील शिक्षणासाठी रेसिडेन्सीतच अर्ज करावा की आधी दोन वर्षे नोकरी करावी, शिवाय कच्चे कन्नड त्यात आडवे येईल का, असे आपण विचारले आहे. अर्ज रेसिडेन्सीतच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी याच भागातला आहे. एमडीनंतर लगेच बंगळूरला जाऊन हे शिक्षण घेतले आणि आता बेळगावात मुख्यतः मुलांनाच तपासतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मार्ग समजून घ्यावेत. बाल व किशोर मानसोपचारातील डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, 3 वर्षांची असते. बंगळूरचे निम्हान्स किंवा चंडीगडचे पीजीआय यांसारख्या संस्थांतील जागा वर्षातून दोनदा होणाऱ्या आयएनआय-एसएस या सामायिक प्रवेशपरीक्षेतून भरल्या जातात, तर इतर महाविद्यालयांतील जागा नीट-एसएस या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेतून. एमडी ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत पूर्ण होणार असेल, तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या परीक्षांना बसता येते, आणि प्रश्न मुख्यतः एमडीच्याच अभ्यासक्रमावर असल्याने वेगळी पुस्तके घेऊन बसण्याची गरज नसते. नोकरीत दोन वर्षे गेल्यावर हा अभ्यास पुन्हा हाती धरणे फार जड जाते, हे मी माझ्या बरोबरीच्यांत पाहिले आहे. याखेरीज काही संस्था कमी मुदतीच्या फेलोशिप देतात. त्यांचे अर्ज संस्था स्वतः मागवतात आणि मुलाखतीला तेथे बरेच वजन असते. अमेरिकेतील माहिती वाचून मात्र गोंधळू नये. तिकडे ही फेलोशिप 2 वर्षांची असते आणि रेसिडेन्सीचे तिसरे वर्ष संपताच तिच्यात जाता येते, त्यामुळे एकूण शिक्षण 6 ऐवजी 5 वर्षांत पुरे होते. पण त्यासाठी रेसिडेन्सी तिकडचीच लागते आणि अर्जांचे वेळापत्रकही तिकडचेच असते.

बंगळूरच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मला सर्वांत जास्त वेळ एका मुलाविषयी विचारले गेले, त्याची हकीगत सांगतो. मी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना खानापूर तालुक्यातील एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन ओपीडीत आल्या. घरात मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, आणि वर्षभरात मुलगा वर्गात एक अक्षरही बोललेला नव्हता. 'घरात तोंड मिटत न्हाई बघा, आन् शाळंत गेला की दगड,' असे आजी म्हणाल्या. शाळेच्या चिठ्ठीत मुलगा मंदबुद्धी असावा असे कन्नडमध्ये लिहिले होते. मी त्याच्यापुढे मातीचा गोळा ठेवला. पंधरा-वीस मिनिटे तो काहीच बोलला नाही, मात्र त्याने बेंदराला करतात तसा बैल केला, शिंगे नीट टोकदार काढली, आणि मग अगदी हळू, आजीच्या पदराआडून, 'ह्यो आमचा सर्जा' असे म्हणाला. मला वाटले, निदान झाले: शाळेची भाषा येत नाही म्हणून मूल गप्प आहे. मी तसे लिहूनही टाकले. आमच्या सिनियर मॅडमनी कागद पाहून एकच विचारले, 'डब्याच्या सुट्टीत मराठी पोरांशी तरी बोलतो का?' मी ते विचारलेच नव्हते. विचारल्यावर कळले की शेजारच्या घरातील, रोज संध्याकाळी अंगणात ज्याच्याशी तो भांडत असे त्या मुलाशीही तो शाळेच्या फाटकाच्या आत बोलत नाही. शाळेची भाषा येत नसल्यामुळे आलेल्या गप्पपणाला सिलेक्टिव्ह म्युटिझम (चिंतेमुळे ठरावीक ठिकाणीच मुलाचे बोलणे बंद होणे) म्हणत नाहीत, हे मी पुस्तकात वाचले होते; पण येथे भाषेची अडचण आणि चिंता दोन्ही होत्या, आणि त्या वेगळ्या करायला तो एक प्रश्न लागला. सीमाभागात असे मूल दर आठवड्याला येते. घरी मराठी, गल्लीत उर्दू किंवा कोकणी, शाळेत कन्नड, शिकवणीला इंग्रजी. उशिरा बोलणारे प्रत्येक मूल भाषांमुळेच गोंधळले आहे असे मानले, तर स्वमग्नतेचे मूल दोन-तीन वर्षे मागे पडते, आणि भाषेकडे पाहिलेच नाही, तर धडधाकट मुलावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो.

म्हणून आजपासून एक वही घालावी. प्रत्येक मुलाच्या नोंदीत घरी कोण कोणत्या भाषेत बोलते, शाळेची भाषा कोणती, आणि मूल कोणाशी, कोठे, कोणत्या भाषेत बोलते हे लिहावे. आपल्या थिसिसचा विषय आता बदलता येणार नाही आणि तो मुलांविषयी नसला तरी अडत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या अशा नोंदी असल्या की मुलाखतीत सांगण्यासारखे आपल्याजवळ पुष्कळ असते. मुलांचे पोस्टिंग वाढवून मिळत असेल तर मागून घ्यावे, आणि धारवाडच्या डिमान्स या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी काही आठवडे काम करता आले तर सोडू नये. बुद्ध्यांकाच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञांशेजारी बसून पाहाव्यात. बिने-कामत चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बसवलेली आहे, ती कोणत्या भाषेत घ्यायची हे ठरवतानाच निम्मे शिक्षण होते. अपंगत्वाचे दाखले, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा ही केवळ परीक्षेची प्रकरणे समजू नयेत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. माझ्या महाविद्यालयाच्या कार्यालयाने एमडी पूर्ण झाल्याचा दाखला इतका रखडवला की प्रवेशाच्या समुपदेशनाच्या (जागावाटपाच्या) आदल्या दिवशीपर्यंत तो हाती नव्हता, आणि ती रात्र मी बसमध्ये जागून काढली. सहा महिने आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, बंधपत्र (शिक्षणानंतर ठरावीक काळ सेवा देण्याचा करार) असेल तर मूळ प्रमाणपत्रे कधी सुटतील हे विचारून ठेवावे, आणि शिफारसपत्र मागायचे ते ज्यांनी आपल्याला मुलांबरोबर काम करताना पाहिले आहे अशा शिक्षकांकडेच मागावे.

कन्नडविषयी शेवटी सांगतो, कारण आपल्या प्रश्नात मला तीच काळजी जास्त दिसली. कच्चे कन्नड निवडीच्या आड येत नाही, पण कामाच्या आड येते. बंगळूरला पहिले तीन महिने मी पालकांचे बोलणे समजून घ्यायलाच धडपडलो. बोलता येत असेल तर वाचायलाही शिकावे. त्या खानापूरच्या मुलाच्या शाळेची चिठ्ठी मला शिपायाकडून वाचून घ्यावी लागली होती, आणि त्यात खालच्या ओळीत बाईंनी लिहिलेले 'चित्रे मात्र सुंदर काढतो' हे त्याने मला वाचून दाखवले नव्हते. ते मला वर्षभराने, स्वतः वाचता येऊ लागल्यावर, फाइलमध्ये सापडले.