गायी विकण्याआधी निस्तार पत्रक काढा

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्यात, जंगलाला लागून आहे. आम्ही नंद गवळी. घरी 34 गवळाऊ गायी आहेत. आजोबांच्या आधीपासून आमची ढोरं याच जंगलात चरतात. यंदा श्रावणात 11 गायी धरून कोंडवाड्यात घातल्या, दंड भरून सोडवाव्या लागल्या. मुलगा म्हणतो, गायी विकू, अनुदानावर शेळ्या घेऊ. जंगलात चारायचा हक्क आम्हाला आहे की नाही? सरकारी मदत नेमकी कशाला मिळते?

उत्तर: तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. कोंडवाड्यातून सुटलेली गाय घरी आली की दूध चोरते, आठ-आठ दिवस ढोरक्याच्या, म्हणजे गुराख्याच्या, हाकेला येत नाही. हे मी पशुवैद्यकाच्या नोकरीत कितीदा पाहिलं आहे.

हक्क आहे. तो गावाने मागावा लागतो. राखीव जंगलात विनापरवाना ढोरं चारणं हा 1927च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, आणि पकडलेली जनावरं कोंडवाड्यात घालण्याची तरतूद 1871च्या कायद्यापासूनची आहे. म्हणून दंडाच्या पावतीवरून भांडत बसू नका. तुमच्या बाजूचा कायदा 2006चा आहे, वनहक्क कायदा. त्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, एका जागी राहणाऱ्यांचा आणि कळप घेऊन फिरणाऱ्यांचाही.

तुम्ही अनुसूचित जमातीत येत नाही, त्यामुळे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागेल. त्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. थोडक्यात, 1930पासून गाव तिथे आहे आणि जंगलावर जगतं आहे हे दाखवायचं. आकडा ऐकूनच अनेक गवळी कुटुंबं घरी परत जातात. जाऊ नका. हा पुरावा एकेका घराने शोधायचा नाही, गावाने मिळून शोधायचा आहे. गावात अनुसूचित जमातीतली गोंड कुटुंबं असतील तर त्यांना सोबत घ्या आणि ग्रामसभेचा एकच दावा करा.

विदर्भातल्या गावांकडे इतर महाराष्ट्राकडे नसलेला एक कागद आहे, निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 खाली प्रत्येक गावाच्या पडीक जमिनीचं, तिथल्या चराईचं, जळतणाचं पत्रक ठेवलेलं असतं. कलम 165 खालचा वाजिब-उल-अर्जही काढा, त्यात गावाचे रूढीने चालत आलेले हक्क नोंदवलेले असतात. दोन्हींच्या प्रती महसूल दप्तरातून मागून घ्या. माझ्या अनुभवात हे कागद कुणी मागत नाही म्हणूनच कपाटात पडून राहतात.

कागदासोबत माणसं लागतात. गावात ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या असतील, त्यांच्याजवळ बसा. आखर, म्हणजे ढोरं गोळा करायची जागा, कुठे होता, उन्हाळ्यात ढोरं कोणत्या पाणवठ्यावर नेत, कुठल्या झाडाखाली पोळ्याला नारळ फोडत, ते सगळं लिहून घ्या आणि त्यावर त्यांचा अंगठा घ्या. नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरलेला आहे, आणि पारंपरिक चराईची रानं, जुने पाणवठे, देवाची झाडंसुद्धा. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे असतात. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करेल तेव्हा ढोरकी तिच्यासोबत हवाच. कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत आपलं रान, हे नकाशावर नसतं, ते त्याच्या पायांना माहीत असतं. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. नाकारला गेला तर 60 दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. ती तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा.

तुमचं रान बोर अभयारण्याच्या हद्दीत येतं का, ते आधी तपासा. 2014 साली तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आहे. अभयारण्यात वनहक्क कायदा लागू होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिथले हक्क बदलायचे असले तरी आधी ते मान्य करावे लागतात आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यावी लागते. मात्र वन्यजीव कायद्याच्या कलम 33अ प्रमाणे लसीकरण न झालेलं जनावर अभयारण्यात चारता येत नाही. यावर मी हट्टाने बोलते, कारण लाळ्या-खुरकूत गायीकडून गव्याला, चितळाला जातो. सगळ्या 34 गायींना लस टोचून घ्या, कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या आणि नोंदीची प्रत जवळ ठेवा. दाव्याच्या बैठकीत ‘तुमची ढोरं रोग आणतात’ असं कुणी म्हणालं, तर हीच प्रत पुढे करायची.

आता मुलाच्या शेळ्या. मी नोकरीत असताना एका वर्षी आमच्या तालुक्यात दहा शेळ्या आणि एक बोकड असे गट वाटायचे होते. एका विधवा बाईंचा अर्ज मी तपासला. जातीचा दाखला, गोठ्याचा फोटो, बँकेचं खातं, सगळं होतं. शेळ्या चरणार कुठे, असा रकाना अर्जात नव्हता आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या गावाभोवतीचं जंगल त्याच वर्षी नव्या रोपवनासाठी बंद झालं होतं. बाईंनी बांधावरचा पाला तोडून शेळ्या जगवल्या, मग बांधावरचा पालाही संपला. होळीपर्यंत दहातल्या चार उरल्या. बाकीच्या मरू देण्यापेक्षा म्हणून मिळेल त्या भावात विकल्या. त्या अर्जावर माझी सही आहे. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. जनावर घ्यायला पैसे देणं सोपं असतं, सरकारलाही आणि आम्हा अधिकाऱ्यांनाही, गवताची तजवीज करायला मात्र वर्षं लागतात. चराईची जागा मोकळी झाल्याशिवाय गायी काय आणि शेळ्या काय, तुमची अडचण तीच राहणार. आणि गवळाऊ ही तुमच्याच भागात घडलेली जात आहे. रानात चालून, काट्याकुट्यातलं खाऊन टिकणारी. बाजारात गेली की ती तशी परत मिळत नाही.

हक्क मिळाल्यावर काय करायचं, ते आताच ठरवा. कायदा चराईच्या हक्कासोबत जंगल राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकतो, आणि मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडची बरड मी पाहिली आहे. पहिला पाऊस पडला, चार बोटं हिरवं वर आलं की सगळी ढोरं एकदम सुटतात. शेडा, मारवेल, पवन्या ही चांगली गवतं फुलायच्या आतच खुडली जातात, बी पडत नाही. मागे उरतो तरोटा, उरते कुसळ आणि घाणेरी. हे एका पावसाळ्यात होत नाही, पण दहा पावसाळ्यांत नक्की होतं. म्हणून रानाचे तीन भाग करा. दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवा, दिवाळीनंतर तिथलं गवत कापून घरी आणा. राहिलेल्या दोन भागांतही पाऊस सुरू झाल्यावर महिना-दीड महिना ढोरं घालू नका. ही मुदत शास्त्रापुरती मोजली तर गवत सावरायला लागणारी आहे, पण घरात वैरण नसलेल्या माणसासाठी ती फार लांब असते. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यातच तयारी लागते. गव्हाचं कुटार असेल तर 100 किलोला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, घट्ट झाकून 21 दिवस ठेवा आणि उघडल्यावर वारं लागू देऊन मग घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे देऊ नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागणार नाही अशा जागी हे काम करा, त्याने जनावर दगावतं.

गावाने रान राखलं तर काय होतं ते पाहायचं असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला चार माणसं जाऊन या. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या गावाने उजाड टेकडीवर पुन्हा जंगल उभं केलं आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात नेली. ढोरक्याला सोबत घेऊन जा. परत आल्यावर ग्रामसभेत त्यालाच बोलू द्या.

प्रश्न: आम्ही सांगोला तालुक्यातले मेंढपाळ. 60 मेंढ्या आहेत. पावसाळ्यात चराईसाठी पैसे मिळतात असं ऐकलं. खरं का?

उत्तर: खरं आहे, बाई. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती (क) मधल्या मेंढपाळांसाठी चराई अनुदानाची तरतूद आहे. कमीत कमी 20 मेंढ्या आणि एक मेंढा असावा लागतो. जून ते सप्टेंबर असे चार महिने दरमहा 6,000, एकूण 24,000 रुपये. हेच चार महिने का, ते तुम्हाला मी सांगायला नको. शेतात पीक उभं, रानात बंदी आणि वाड्याला, म्हणजे मेंढरांसकट फिरत्या तळाला, थांबायला जागा नाही. अर्ज ऑनलाइन असतो, पशुसंवर्धन खात्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात मदत मागा. आणखी एक गोष्ट. ज्या गावांच्या रानात तुम्ही दरवर्षी मुक्काम करता, तिथल्या वनहक्क समितीकडे तुमचाही दावा चालतो. फिरस्त्या पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतानाच करायची, असं नियमांत आहे. तुम्ही गाव सोडून गेल्यावर पडताळणी उरकली जात असेल तर लेखी हरकत घ्या.

प्रश्न: बिबट्याने दोन शेळ्या मारल्या. भरपाईसाठी काय करावं?

उत्तर: 48 तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेली शेळी जागची हलवू नका. दुर्गंधी येईल, घरातले कुरकुर करतील, तरी हलवू नका. शवविच्छेदन पशुवैद्यकाकडूनच करून घ्या. 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही, तेव्हा उरलेल्या शेळ्यांना याच आठवड्यात बिल्ले मारून घ्या.