वाचक विचारतात : वसईचा रविवार आणि भरतीचं गणित

गेल्या महिन्यात ‘मुंबईच्या जवळ, पण मुंबई वाटणार नाही’ अशा जागा विचारल्या होत्या. वसई-विरार पट्ट्याबद्दल इतकी पत्रं आली की हा अंक त्यालाच दिला. मी वसईचीच, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

ताई, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दर रविवारी मॉल नाहीतर मोबाईल. सगळ्यांना झेपेल असं काही आहे का?
– एक आई, गोरेगाव

वसईचा किल्ला. ‘किल्ला’ म्हटल्यावर सासूबाई ‘तुम्ही जा, मी घरी थांबते’ म्हणतील, त्यांना आधीच सांगा की हा भुईकोट आहे. चढ नाही. डांबरी रस्ता किल्ल्याच्या पोटातून थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत जातो, त्यामुळे रिक्षा आतपर्यंत येते. वसई रोड स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर. पश्चिमेला महापालिकेची बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. बोरिवलीनंतर विरार फास्टच्या दारात मुलांना घेऊन उभं राहण्याचं धाडस मात्र करू नका. स्लो पकडा, वेळ थोडा जास्त जाईल, पण बसून जाल.

सकाळी साडेसातपर्यंत आत असा. दहानंतर दगड तापतात आणि मुलं कुरकुरतात. आत पाण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका. पाणी बरोबर घ्या आणि बाकीचं स्टेशनवर उरका.

सगळा किल्ला बघायचा हट्ट करू नका, तो एका सकाळीत संपत नाही. मी असते तर चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबून (१५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला हा किल्ला मराठ्यांनी मे १७३९ मध्ये घेतला, एवढं मुलीला पुरे) सरळ फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषात गेले असते. छप्पर कधीच गेलंय, पण जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. पोर्तुगीज मजकूर आपल्याला कळत नाही, आकडे मात्र ओळखता येतात. मुलीला सांगा, सगळ्यात जुनं साल शोधून काढ. एखाद्या शिळेवर घराण्याचं चिन्ह आहे, एखादीचा अर्धा मजकूर पावलांनी झिजलाय. बोट फिरवल्यावर डोळ्यांना न दिसलेलं अक्षर हाताला लागतं. तेवढ्या वेळात सासूबाई भिंतीच्या सावलीत बसू शकतात आणि धाकटा खारींच्या मागे धावू शकतो. खडूने अक्षरं गिरवू मात्र देऊ नका.

दुसरी गोष्ट गोन्सालो गार्सियाची. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला, इथल्याच आईचा मुलगा. किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संतपद मिळालं. आमच्याकडे शाळकरी पोरांनाही त्याचं नाव ठाऊक असतं.

चर्चच्या मनोऱ्यांतले जिने बघितले की मुलांचे पाय शिवशिवतात. चढू देऊ नका. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि धरायला काही नाही. पावसाळ्यानंतर महिनाभर गवत कमरेइतकं असतं, तेव्हा पायवाट सोडायची नाही.

गाडी असेल तर परतीला भाईंदरची रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, वसईची जेटी किल्ल्याला लागूनच आहे. रस्त्याने जवळजवळ ३८ किलोमीटरचा वळसा पडतो, खाडीतून साडेतीन. मुलांना किल्ल्यापेक्षा ती बोटच जास्त आवडली, तर वाईट वाटून घेऊ नका.

नातू बारा वर्षांचा, किल्लेवेडा. शिवनेरी, लोहगड झाले. आता ‘पाण्यातला किल्ला’ हवा म्हणतो. मुरूड मला लांब पडतं. अर्नाळा बघण्यासारखा आहे का? होडीची भीती वाटते.
– एक आजोबा, डोंबिवली

आजोबा, अर्नाळा तुमच्यासाठीच आहे. दिव्याहून वसईला मेमू असते, गाड्या मोजक्याच आहेत म्हणून वेळापत्रक बघून निघा. पुढे विरार, आणि विरार पश्चिमेहून आगाशीमार्गे अर्नाळा.

होडीचा प्रवास काही मिनिटांचाच. बेटावर कोळी बांधवांचं गाव आहे, त्यामुळे होडी मुळात त्यांच्या येण्याजाण्यासाठी चालते. बाजार घेऊन आलेल्या बाईला आधी चढू द्यायचं, मग आपण. पूर्ण ओहोटीला होडी पार कडेला लागत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं, तेव्हा पँट दुमडता येईल अशी घाला. बूट नकोत. पावसाळ्यात हा बेत करूच नका.

भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. कालनिर्णयात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, ही पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. नातवालाच हे गणित घालून द्या आणि रविवार त्यालाच निवडू द्या. अष्टमीचा रविवार आला तर भर दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे चिखल आणि ऊन एकदमच. चतुर्थीच्या आसपास सकाळी नऊला ओहोटी असते. त्यानंतर दुपारपर्यंत पाणी चढत जातं, म्हणजे येताना त्रास कमी.

किल्ल्याच्या दरवाजावर हत्ती आणि वाघासारखी जनावरं कोरलेली आहेत, बाजीरावांचं नाव असलेला मराठी शिलालेख आहे. १७३७ मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला आणि त्यांनी तो नव्याने बांधून काढला. नातवाला लेख स्वतः वाचू द्या. देवनागरीच आहे, फक्त उन्हात नजर जरा वेळ स्थिरावू द्यावी लागते. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि अष्टकोनी तळं आहे, दर्गाही आहे. तटावरून फेरी मारता येते. शिवाय एक गोष्ट सांगाच. नौदलाची पाणबुडीविरोधी युद्धनौका ‘आयएनएस अर्नाळा’ याच किल्ल्याच्या नावाची आहे, १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला दाखल झाली. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत किल्ल्याचा भाव लगेच वधारतो.

परतीची शेवटची होडी किती वाजता, ते उतरतानाच नावाड्याला विचारून ठेवा.

अर्नाळ्याला रिसॉर्टमध्ये राहावं की एका दिवसात यावं? मुलांना समुद्रात डुंबायचंय.
– ठाणे

एका दिवसात या. रिसॉर्टचा तलाव ठाण्यातही मिळतो. समुद्रात घोट्यापर्यंत ठीक, पुढे नाही. पाणी उतरत असताना तर अजिबात नाही, आत ओढ असते. वाळूत खड्डे खणू द्या, चार तास जातात.

किल्ले-लढाया सोडून काही? आम्हाला गर्दी नको, शांतता हवी.
– अंधेरी

नालासोपाऱ्याला जा, पश्चिमेला. नाव ऐकून नाक मुरडू नका. बुरूड राजाचा कोट म्हणतात तो बौद्ध स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धमूर्ती. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच, तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आधी संग्रहालय आणि पुढच्या रविवारी स्तूप असा क्रम लावलात तर मुलांना दुवा सापडतो. नुसता स्तूप दाखवलात तर ‘विटांचा ढिगारा’ म्हणतील, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही. तासाभरात होतं. मग निर्मळच्या तळ्याकाठी डबा उघडा.

तुंगारेश्वरचे धबधबे विचारणारी बरीच पत्रं आली. लहान मुलं बरोबर असतील तर माझं उत्तर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे बहुधा बंदीचा हुकूमच असतो आणि तो उगीच काढलेला नसतो. देवळात जायचं तर हिवाळ्यात जा.

तुम्ही असं लिहिता आणि रविवारी लोंढे आमच्या दारात येतात. किल्ल्यात प्री-वेडिंगवाले, कोळीवाड्यात फोटोवाले, सगळीकडे कुरकुऱ्यांची पाकिटं. ही जाहिरात थांबवा.
– किल्लाबंदर

राग रास्त आहे, आणि वलांडींवर सुकत घातलेल्या बोंबलांखाली उभं राहून सेल्फी काढणारे मीही बघितलेत. पण लिहायचं थांबवून लोक थांबणार नाहीत. विरार फास्ट तशीही येतेच. म्हणून येणाऱ्यांना माझ्याकडून तीन अटी. सुकट पसरलेली असेल तिथून चालायचं नाही, ती कोणाची तरी आठवड्याची कमाई असते. बाईमाणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. ‘किती घाण वास येतो’ हे मुलाने म्हटलं तर हसून टाळायचं नाही, त्याला समजावून सांगायचं की आपण जेवतो तो बोंबील इथून येतो. आणि कचरा पिशवीत घालून स्टेशनपर्यंत न्यायचा. चार झाल्या, असू देत.

वसईची सुकेळी कुठे आणि कधी मिळतात? आईला नेऊन द्यायचीत.
– पुणे

राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली असतात ती. आगाशी बाजूला चौकशी करा. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते तेव्हा हमखास मिळतात. महाग वाटतील. केळीच्या सोपटात बांधलेली पुडी घ्या, रंग काळपट-मधाळ हवा. फिक्या आणि दगडासारख्या कडक लागल्या तर सोडून द्या.